प्रार्थनेपुरती कवळी

सासऱ्यांबरोबर मिशनला जायचं, हे सुनेने काही हौसेनं कबूल केलं नव्हतं. नवऱ्याने गळ घातली म्हणून ती तयार झाली. सासरे, म्हणजे घरात सगळ्यांचे बाबा, जन्मभर दातांच्या कवळ्या बनवत आलेले. म्हातारपणी चर्चच्या मंडळींबरोबर परदेशातल्या गरीब वस्त्यांत जाऊन त्या फुकट बसवून द्यायच्या, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. पण आता हात लवकर दमत, प्लास्टर कालवायला कुणीतरी हवं होतं. चहात साखर जराशी कमी पडली तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस. परक्या मुलखात यांची मर्जी सांभाळायची, या विचारानेच तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

वस्तीच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात बाकं सरकवून दवाखाना मांडला. आणि इथे बाबा वेगळेच निघाले. भाषेचा गंध नाही, तरी समोर बसलेल्याला आधी हसवायचं, मग हात धुवायचे. कवळीचे साचे ते स्वयंपाकाच्या पातेल्यात उकळत आणि उकळी बेताची राहावी म्हणून स्वतः चुलीशी बसत. सून बघतच राहिली.

शेवटी शेवटी तिथल्या शाळेतल्या बाई आल्या. आजारपणात त्यांचे दात गेले होते. बोलणं बोबडं झालं, मुलं खिदळू लागली, तेव्हा त्यांनी वर्गावर जाणंच सोडलं. आता शाळेचा निरोप होता, सोमवारी या, नाहीतर दुसरं कुणी नेमतो. शिकवण्यावाचून बाईंना दुसरं काही येत नव्हतं, आणि करायचंही नव्हतं. हे सगळं वस्तीच्या पाळकांनी दुभाष्या होऊन सांगितलं.

पाळकसाहेब देवमाणूस, पण प्रार्थना एकदा सुरू झाली की आवरायचं नाव नाही. आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून ते प्रार्थना करत. बाईंच्या तोंडात मापाचं मऊ मेण घातलं आणि नेमका तेव्हाच त्यांनी हात ठेवला. बाईंनी मान खाली घातली. मेण गार होत चाललं, प्रार्थना रंगत चालली. देवाचं नाव चालू असताना मध्येच बोलायचं बाबांच्या जिवावर आलं. त्यांनी खुणेनेच मेण चावायला लावलं आणि माप घेतलं.

कवळी देखणी झाली. पण बाई बोलू लागल्या की दात दातांवर आपटत आणि वरची कवळी निसटे. बाबांनी घासून पाहिलं, पुन्हा घासून पाहिलं. पथकाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवी आहे, सवय होईल. बाईंनी मान डोलावली, पण त्यांचे डोळे भरून आले होते. बाहेर बस उभी होती, पुढच्या वस्तीत लोक वाट पाहत होते. निरोपाच्या प्रार्थनेला सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि शेवटी बाईंचं ‘आमेन’ खणखणीत ऐकू आलं.

सुनेने चोरून पाहिलं. प्रार्थनेत कधी पापणी न उघडणारे बाबा टक्क डोळे उघडून बाईंकडे बघत होते.

“चूक माझी आहे,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “मान खाली घातली की खालचा जबडा पुढे सरकतो. मी माप तसंच घेतलं. ही कवळी फक्त प्रार्थनेपुरती बसते. शिकवायला मान वर लागते.”

डॉक्टरीणबाईंनी बसची अडचण सांगितली. तुम्ही व्हा पुढे, ही नीट केल्याशिवाय मी हलणार नाही, असं बाबांनी सांगून टाकलं. मग सुनेकडे वळून घरात कधी न काढलेल्या मऊ आवाजात म्हणाले, “तू जा हवं तर, पोरी. इथे तुझे हाल होतील.”

तिने पिशवीत भरलेलं प्लास्टरचं भांडं परत बाहेर काढलं.

पुन्हा माप घ्यायच्या वेळी पाळकसाहेब हात पुढे करून आलेच. बाबांनी त्यांना प्रेमाने धरून दाराशी नेऊन बसवलं आणि प्रार्थना तिथूनच करायची विनंती केली. बाई ताठ बसल्या, नजर समोर.

सोमवारी बाबा, सून आणि पाळकसाहेब शाळेच्या खिडकीशी उभे होते. बाई शुद्धलेखन घालत होत्या. अर्थ कळत नव्हता, पण शब्दन् शब्द सुटा ऐकू येत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी काहीतरी बोलली आणि बाई थांबल्या. मुलं पुन्हा खिदळणार की काय, म्हणून सुनेने पाळकसाहेबांकडे पाहिलं.

पाळकसाहेबांनी हळूच सांगितलं, “ती म्हणतेय, बाई, जरा सावकाश सांगा, लिहून होत नाही.”

बाबा खिशात रुमाल चाचपू लागले. तो काही सापडेना, तेव्हा सुनेने आपला पदर पुढे केला. जराशी कमी साखर न चालणारा हाच तो माणूस, आणि तो आपला सासरा आहे याचा तिला फार अभिमान वाटला.