दगडाबाईचं वजन

टायर घ्यायला बायकोला पाठवणारा मालक मी तरी दुसरा बघितला नाही. पण आमचा केरबाच तसला! सिनेमाचं मशीन म्हटलं की जीव टाकणार, बाजार म्हटला की तोंड लपवणार. सांगलीत मशीनला वीज पुरवणारा डायनामो बिघडला, तसा तो दुरुस्तीवाल्याच्या दुकानात ठिय्या देऊन बसला आणि बायकोला म्हणाला, "तानू, मागच्या डब्याचं टायर तूच बघ. संगं नाथाजी हायच की."

नाथाजी म्हणजे मी, त्या फिरत्या सिनेमाचा ड्रायव्हर. लढाईत लष्कराच्या गाड्या हाकून नुकताच घरी आलो होतो, त्यामुळं टायरमधलं आपल्याला लय कळतं अशी माझी समजूत. आमच्या ट्रकमागं एक पत्र्याचा डबा जोडलेला असायचा. चाकांवरचं घरच ते. केरबा, त्याची बायको तानुबाई आणि त्याची आई दगडाबाई, असं तिघांचं बिऱ्हाड त्यात गावोगाव फिरायचं. डब्याच्या टायरांतून आता दोरे बाहेर आले होते. तसल्या टायरांवर साताऱ्याच्या वाटेला लागणं म्हणजे आपल्या हातानं तिरडी बांधणं.

गोपाळकृष्णपंतांच्या दुकानात लष्करी लिलावातले दोन जोड होते, दोन्ही चाकांसकट. एक ट्रकचा, जाडजूड, बाजूनं खरचटलेला. दुसरा मोटारीचा, बारीक, पण नवाकोरा. पंत माणूस सरळ. म्हणाले, "जाड जोड दिसायला ओबडधोबड आहे, पण ओझं मुकाट्यानं वाहील. बारीक हवा असेल तर डब्यातलं वजन उतरवा. ती सागवानी पेटी काढा, नाहीतर एक माणूस कमी करा."

पेटी तानुबाईच्या माहेरची, लग्नातली. तिनं दोन्ही जोडांवरून हात फिरवला आणि बाहेर उभ्या असलेल्या डब्याकडं बघितलं. डब्याच्या दारात दगडाबाई तंबाखू मळत बसली होती.

"बारीकच द्या," तानुबाई म्हणाली.

"आवं वहिनी, पर वजन..."

"एक मानूस उतरवा म्हनलं न्हवं त्यांनी?" तिनं असं काही बघितलं की मी चाकं डब्याकडं लोटायला लागलो. खरं तर मलाही बारीक जोड बरा वाटला होता. ट्रकवर ओढ कमी येणार, पेट्रोल वाचणार. म्हातारीचा विचार माझ्या मनात आलाच नाही असं नाही. आला, पण मी तो झटकला. थूत माझ्या जिनगानीवर!

तानुबाई तशी वाईट नव्हती हो. पण पत्र्याच्या त्या डब्यात दोन बायका, आणि त्यातली एक सासू! भाजीत मीठ किती, पदर कुठं, हसली का, रुसली का, सगळ्यावर म्हातारीचं बोट. नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर मधल्या अंथरुणावरून खोकला यायचा. लग्न होऊन वर्षं लोटली, पण त्या पोरीला नवऱ्याशी मोकळेपणी भांडताही आलं नव्हतं. तिचं चुकलं हे खरं. तिच्या जागी मी असतो तर सासूला केव्हाच कृष्णेत ढकललं असतं, हेही खरंच.

त्याच संध्याकाळी तिनं सासूला सांगितलं, "आत्याबाई, पंत म्हनलं, टायरला वजन झेपायचं न्हाई. चार म्हैनं लोणंदला वन्संकडं ऱ्हावा."

म्हातारी आकांडतांडव करणार म्हणून मी ट्रकच्या आडोशाला सरकलो. पण ती नुसतं "बरं" म्हणाली. मला तेच लागलं. कारण सिनेमावर त्या बाईचा किती जीव होता हे मला माहीत होतं. तंबूत बायकांच्या दाराशी ती बसायची, कुणाचं पोर रडलं तर मांडीवर घ्यायची आणि रोज तोच सिनेमा बघून रोज त्याच जागी डोळ्याला पदर लावायची. लेकीच्या घरी काय, चुलीपुढं बसून दिवस मोजायचे.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारीनं अन्न तोडलं. ताटात अर्धी भाकरी, तीही चिमण्यांना टाकल्यासारखी कुसकरायची. "भूक न्हाई गं," एवढंच. तानुबाईनं तिच्या आवडीचं पिठलं केलं, लसणाचा ठेचा केला, शेजारच्या धनगरांच्या तळावरून ताक मागून आणलं. सून जितकं वाढी, तितकं सासू ताट पुढं सारी.

"नाथाजी, म्हातारी खाईना रं," तानुबाई मला म्हणाली. डोळे सुजलेले.

"मग जाड टायर आनूया की. पंत बदलून देतील."

"आनि ह्यांना काय सांगू? तुमच्या आईला टाकायला म्या टायर निवडलं, आसं सांगू?" ती माझ्यावरच खेकसली. मग पदर तोंडाला लावून आत गेली.

डायनामो दुरुस्त झाला त्या दिवशी आम्ही वाटेसाठी गूळ घ्यायला बाजारात गेलो. म्हातारी बरोबर होती. एका अडत्याच्या दारात हमालांचा हशा ऐकू आला म्हणून वळून बघतो, तर आमची दगडाबाई मोठ्या काट्याच्या पारड्यात मांडी घालून बसलेली! दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा. एक हमाल ढेप काढत होता आणि म्हातारी पारड्यातून ओरडत होती, "नीट बघ रं, मुडद्या! आनि येक निघती का बघ!"

मला बघून तिचं तोंड उजळलं. "नाथा, कमी झाली न्हवं रं मी? आता झेपंल का टायरला?"

हमाल पोट धरून हसत होते. मला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तानुबाई धावत आली. तिनं सासूचा दंड धरला आणि भर बाजारात तिला रडू फुटलं. "उतरा आत्याबाई, पाया पडते! वजनाचं कायबी न्हवतं. पेटी काढली आसती तरी भागलं आसतं. मलाच... मलाच तुमी नगं हुता."

म्हातारी पारड्यातून हलली नाही. हमालांचं हसू थांबलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "दारातच बसली हुती की म्या. समदं ऐकलं." तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी मान खाली घातली. "पर तू वजन म्हनत हुतीस तवर मला कमी करायला कायतरी हुतं, पोरी. आता काय कमी करू?"

तानुबाईनं तिचे पाय धरले. आत्ताच टायर बदलते म्हणाली, पेटी नदीत टाकते म्हणाली. मीही चार शब्द बोललो. दगडाबाई सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन खाली उतरली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "केरबाला ह्यातलं कायबी सांगायचं न्हाई. आईला लेकीची सय आली, म्हनून ती लोणंदला चाललीया, आसं सांगा. दोघांनीबी."

आम्ही तसंच सांगितलं. आधी तानुबाईनं, मग मी. केरबा डायनामो पुसता पुसता हसला. म्हणाला, "आये, सिनेमाचा कंटाळा आला व्हय गं?"

"व्हय बाबा," दगडाबाई म्हणाली. "रोज त्येच त्येच."