सरस्वतीची लाल अक्षरं

रामवाडीच्या त्या मांडवात दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. कुणाच्या काखेत कवितांचं बाड, कुणाच्या पिशवीत तीन अंकी नाटक. नागोठण्याच्या कंपनीतून शिफ्ट संपवून थेट आलेल्या एका गृहस्थांनी तर डब्याच्या पिशवीत अख्खं आत्मचरित्र कोंबून आणलेलं. पेण तालुक्यात एवढे लेखक आहेत, हे १९९६ सालापर्यंत मला ठाऊक नव्हतं.

समोर अक्षरानंद महाराज. भगवी कफनी, खिशाला चार पेनं.

"कागद कोरा आहे ना? उजेडात धरा, दोन्ही बाजू बघा!" महाराज गर्जायचे. "प्रकाशक वाचतो चष्म्यातून. आई सरस्वती वाचते अंतर्यामातून! गठ्ठ्याची गाठसुद्धा सोडावी लागत नाही!"

मग आपल्याजवळचा तो कोरा कागद गठ्ठ्यावर ठेवायचा, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचं आणि कमंडलूतलं पिवळं तीर्थ सपासप शिंपडायचं. बघता बघता कागदावर कुंकवासारखी लाल अक्षरं उमटायची : 'एकही अक्षर बदलू नको.' बायका हात जोडायच्या, कवी रडायचे.

त्या दिवशी माझी मैत्रीण सगुणा म्हात्रे रडली.

सगुणा खाडीकाठच्या गावात अंगणवाडी चालवायची. मी रेबेका रोहेकर, कोकणातली ज्यू, रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मिठागरात राबणाऱ्या बायकांवर सगुणानं कादंबरी लिहिली होती. मुंबईच्या एका प्रकाशकानं ती वाचून तिला तोंडावर सांगितलं होतं, "भाषा जिवंत आहे. पण सुरुवातीची साठ पानं गोष्ट जागची हलत नाही. कापा, पुन्हा लिहा आणि मग या." मीही तेच म्हणाले, तर महिनाभर तिनं माझ्याशी अबोला धरला. आता मात्र मुद्दाम मला बोलावून घेतलं होतं, सरस्वतीचा निकाल दाखवायला.

"बघितलंस ना गो?" कागद छातीशी धरून ती म्हणाली.

तेवढ्यात महाराजांचा शिष्य आला. "ताई, आईनं पास केलेलं पुस्तक बाहेर छापायचं नसतं. आपलं स्वतःचं प्रकाशन आहे. खर्च तेवढा लेखकाचा."

सगुणानं तिथंच पाटल्या मोडायचं ठरवलं.

तिच्या घरी आलो तेव्हा माझ्या पांढऱ्या पदरावर तीर्थाचे पिवळे डाग दिसले. मी मोरीवर बसून साबण लावला. डाग लालभडक झाले.

"सगुणा, इकडे ये."

तिनं वाकून बघितलं. "हळद हाय ती. साबण लागला की लाल होतेच. त्यात काय..." बोलता बोलता ती थांबली. "म्हणजे कागदावर आधीच?"

"धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं लिहायचं आणि वाळवायचं. कागद कोरा दिसतो. वरून हळदीचं पाणी पडलं की अक्षरं लाल."

"मग आईनं वाचलं नाय?"

"गाठ तरी सुटली होती का गठ्ठ्याची?"

ती मोरीच्या कठड्यावर बसली. म्हणाली, "ती साठ पानं रटाळ हायत, मला ठाव होतं गो. कुणीतरी 'रटाळ नायत' म्हणावं, एवढंच पाहिजे होतं." मग एकदम उठली. "पुढच्या गुरुवारी परत जायचं. गप नाय बसायचं."

पुढच्या गुरुवारी मी लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा महाराजांपुढे ठेवला. "माझी कादंबरी."

तीच पुटपुट, तेच तीर्थ. 'एकही अक्षर बदलू नको.' टाळ्या!

मी गाठ सोडली. "मंडळी, या माझ्या वर्गाच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका. ऐका. 'बेडूक पाण्यात श्वास घेत नाही, धरून ठेवतो.' या उत्तराला मी शून्य दिलंय. सरस्वती म्हणते, एकही अक्षर बदलू नको!"

मांडवात हशा पिकला. महाराज उसळले, "शनवार पाळणारी बाई आम्हाला सरस्वती शिकवणार? ही आपल्यातली नाही!"

"माझ्या बारा पिढ्या याच मातीत गेल्या," मी म्हणाले. "आणि हळद कुणाची जात विचारत नाही."

दोघे शिष्य माझ्याकडे सरसावले. तोच सगुणा उठली आणि तडक व्यासपीठावर चढली. पिशवीतून एक कोरा कागद काढून तिनं सगळ्यांना दाखवला, महाराजांच्या हातातला कमंडलू हिसकावला आणि तेच तीर्थ त्याच्यावर ओतलं. लाल अक्षरं उमटली : 'हे सगुणानं लिहिलं.'

"काल घरी लिहिलं, धुण्याच्या सोड्यानं," ती म्हणाली. आवाज चढत गेला. "ह्या माणसानं तुमचं एक पान वाचलेलं नाय! आपल्याला वाहवा पाहिजे, म्हणून ह्याचं दुकान चालतंय!"

"मग माझ्या आत्मचरित्राचं काय करू?" कंपनीवाल्यांनी केविलवाण्या सुरात विचारलं.

"कुणाला तरी वाचून दाखवा. माणूस जिथं जांभई देईल, तिथं कापा."

सगळे काही आमच्या बाजूनं झाले नाहीत. बाहेर पडताना आमच्यावर एक चप्पल भिरकावली गेली. एका कवीनं तर आपला लाल अक्षरांचा कागद घरी फ्रेम करून ठेवला. पण लोक छापायला दिलेले गठ्ठे परत मागू लागले, आणि महिन्याभरात महाराजांनी गाशा गुंडाळला.

सगुणानं त्या साठ पानांची पंधरा केली. कापताना ती रडली, तिनं मला शिव्या घातल्या, पुन्हा लिहायला बसली. मुंबईच्या त्या प्रकाशकानं कादंबरी दुसऱ्यांदाही परत पाठवली. पुण्याच्या एकानं शेवट बदलायला लावला, वर्षभर ताटकळत ठेवलं आणि मग स्वतःच्या खर्चानं छापली. हजार प्रती निघाल्या, निम्म्या अजून पडून आहेत. त्यात चमत्कार काहीच नाही.

लिहिणाऱ्यांनो, तुमचं पान न वाचता त्याची स्तुती करणारा माणूस भगव्या कफनीत असो की सुटाबुटात, त्याला एकच प्रश्न विचारा : "माझ्या पुस्तकात काय आहे, सांगा." उत्तर आलं नाही, तर आपलं बाड उचला आणि चालू लागा.