कळ म्हणायचं नाही

आकांक्षा पहिल्या बाळंतपणाला अकोल्याहून माहेरी आली, ती एका परक्या बाईला सोबत घेऊनच. बाई मोबाईलमध्ये होती. सीमाताई तिचं नाव. दुपारी जेवण झालं की आमची पोरगी डाव्या कुशीवर निजायची, कानांत इयरफोन घालायची आणि अर्धा तास जागची हलायची नाही.

"हे काय लावून राहिली तू?" मी एकदा विचारलंच.

"संमोहन हाये, आई. आंग सैल सोडाचं, श्वास मोजाचा. भेव गेलं का दुखणं कमी होते."

"अन् कळा?"

"कळ म्हणाचं नाई. लाट म्हणाचं."

लाट! अमरावतीत लाट येते ती मे महिन्यात, उन्हाची. मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. गावाचं नाव घेत नाही, माझ्या ओळखीची माणसं अजून तिथे कामाला आहेत. हजारो पोरं या हातांवर आली. त्यांतल्या एकाच्याही आईला लाट आली नव्हती. कळच आली होती, आणि तीही पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी.

संमोहन म्हटलं की मला परतवाड्याची आमची शाळा आठवते. एक जादूगार आला होता, त्याने भर मैदानात हेडमास्तरांना कोंबड्यासारखं आरवायला लावलं. त्यानंतर हेडमास्तरांना शाळेत कोणी भ्यायलं नाही. तेव्हा माझ्या पोरीला डोळे मिटायला लावणारी ही बाई नेमकं काय करते, हे मला बघायचंच होतं. आकांक्षा अंघोळीला गेली तेव्हा मी इयरफोन कानात घातला. "कपाळ सैल सोडा... जबडा सैल सोडा..." जाग आली ती दूध उतू गेल्याच्या वासाने. म्हणजे बाईच्या आवाजात काहीतरी होतंच. माझा संशय वाढला, कमी झाला नाही.

खरा वाद पुढेच होता. ज्या डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं होतं, तिथे बाळंतिणीजवळ एकाच बाईला थांबू देतात. मी धरूनच चालले होते. माझ्याशिवाय कोण जाणार? तर आकांक्षा ताटातली भाजी चिवडत म्हणाली, "सीमाताई येणार हाये अकोल्यावरून. मी सांगितलं तिले."

मी ताट बाजूला सारलं. जगाच्या बाया सोडवल्या मी, आणि माझ्या पोटच्या पोरीच्या वेळी मी बाहेर खुर्चीवर बसायचं? पोरीला मुठीत धरलंय त्या बाईने, आईविरुद्ध कान भरलेत तिचे, अशी माझी खात्रीच झाली. पुरावा तेवढा हवा होता.

तो आकांक्षाच्या वहीत सापडला. दुसऱ्याची वही उघडू नये हे मला कळतं, पण उघडली. सीमाताईच्या वर्गात पोरींना आपापली भीती लिहून काढायला सांगत असत. आकांक्षाने तीन लिहिल्या होत्या. एक, पोट फाडावं लागलं तर. दोन, बाळाला काही झालं तर. तीन, आई.

नुसतं 'आई'. खाली बारीक अक्षरात होतं : 'शाळा सुटली की मी दवाखान्याच्या बाकावर गृहपाठ करायची. आतून बाई ओरडायची. मग आईचा आवाज, चूप! मग चापट. मग काहीच ऐकू यायचं नाही.'

मी रागाने सीमाताईला फोन लावला.

"काय भरवून राहिल्या तुमी माह्या पोरीच्या डोक्यात? झोपवून झोपवून चापटीचं काही बी वदवून घेता काय?"

"काकू," ती बाई शांतपणे म्हणाली, "हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चहा पिताना. तेव्हा आमचं काही सुरूही झालं नव्हतं."

"खोटं हाये," म्हणून मी फोन ठेवला.

खोटं नव्हतं. मारायचे मी. मांडीवर, कधी गालावरही. दोन टेबलं, मी एकटी, बाई जोर लावायच्या ऐवजी किंचाळत बसली की बाळ अडकतं, आमच्या मोठ्या सिस्टरने आम्हाला हेच शिकवलं होतं. एक चापट दिली की बाई भानावर यायची. हे सगळं मी त्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून मनातल्या मनात सांगितलं. कोणाला सांगत होते कोण जाणे. पोरीजवळ एक अक्षर काढलं नाही, आणि सीमाबाईवरचा रागही सोडला नाही.

तारखेला नऊ दिवस असताना, मी भाकरी टाकत होते, तर आकांक्षा दाराची चौकट धरून उभी राहिली.

"आई, दवाखान्यात चाल. लाटा जवळ जवळ येऊन राहिल्या."

मी तिच्याकडे पाहिलं. डोळे अर्धे मिटलेले, चेहरा एकदम शांत. माझं सगळं काम कानावर चालायचं. व्हरांड्यात चार बाया पडलेल्या असायच्या, नुसत्या आवाजावरून मी सांगायचे, आता हिला टेबलावर घ्या. कधी चुकले नाही.

"खोट्या हायेत त्या. खऱ्या असत्या तर घर डोक्यावर घेतलं असतं तू. जाय, पड जराशी."

तासाभराने ती पुन्हा आली. "आई."

"पहिलटकरणीले वेळ लागते, मले नोको शिकवू."

पोटाला हात लावला नाही. घड्याळ पाहिलं नाही. नव्या पोरींना ज्यासाठी मी शिव्या घातल्या असत्या, तेच सगळं केलं. खरं सांगते, मला त्या बाईची लाट खोटी पाडायची होती.

तिसऱ्यांदा ती आलीच नाही. मी खोलीत गेले. पोरगी पलंगाजवळ गुडघ्यांवर होती, चादरीचा बोळा दातांत धरलेला. इयरफोन बाजूला पडले होते. फरशी ओली. पोटावर हात ठेवला तर दगडासारखं घट्ट, आणि सैल व्हायच्या आत पुन्हा घट्ट.

"अवं माय! ओरडली कावून नाई तू?"

तिने दातांतली चादर काढली. "तुह्यासमोर?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा धरली.

शेजाऱ्यांची गाडी होती म्हणून वेळेवर पोचलो. जावई आणि सीमाताई अकोल्याहून निघाले होते, पण अजून मूर्तिजापूरलाच होते. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काकू, तुम्ही तर सिस्टर होत्या ना? इतका उशीर?"

"आत कोण थांबणार?" त्यांनी विचारलं.

दोन महिने मी ज्याच्यासाठी जळत होते ते आता न मागता समोर आलं होतं, आणि माझा पाय उचलेना. मी पोरीला विचारलं, "येऊ?"

तिने माझ्याकडे किती तरी वेळ पाहिलं. मध्ये एक कळ येऊन गेली.

"ये. पन बोलू नोको."

बोलले नाही. भिंतीला टेकून उभी राहिले. ती तोंडाने लांब श्वास सोडत होती, बोटं मोजत होती, आणि मला मान्य करावं लागेल, चांगलं चाललं होतं तिचं. शेवटी शेवटी मात्र श्वास तुटायला लागला. डोकं दिसतंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आकांक्षाने तोंड उघडलं, आवाज गळ्यापर्यंत आला, आणि तिने तो गिळला. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. तो पुसायला मी पदर धरून हात पुढे केला.

तिने डोळे घट्ट मिटले आणि गाल बाजूला घेतला.

हे असं गाल चुकवणं मी शेकडो वेळा पाहिलं होतं. पण ते पाहून कधी रडले नव्हते.

"ओरड, आक्कू," मी म्हटलं. "ओरड व माय. कोणी काही म्हणत नाई."

ती ओरडली. सगळा दवाखाना हादरला असेल. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले, बाळ रडेपर्यंत.