कोर्ट उठेपर्यंत

“इथं सही करा, कोंडिबा. जबाब हवालदारानं मनानंच लिहिला, एवढंच म्हणायचंय आपल्याला.” सुलक्षणा वकीलबाईंनी कागद पुढे सरकवला. पुण्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसायलाही जागा नव्हती.

“पर त्यांनी मनानं न्हाई लिवलं. म्याच सांगितलं व्हतं.”

“जिंकलो तर पोलीस पाटीलकी परत मिळेल. हरलो तर तीन महिने तुरुंग. विचार करा.”

वेल्ह्याकडच्या आपल्या गावात कोंडिबानं एकोणीस वर्षं पाटीलकी केली होती. बांधाची भांडणं मिटवली, धरणात बुडालेल्यांच्या पंचनाम्यांना उभा राहिला. खोटं बोलला ते एकदाच. धाकट्या भावाच्या, सोमनाथच्या टेम्पोनं कापूरहोळजवळ एका माणसाला उडवलं आणि तपासाला आलेल्या हवालदाराला कोंडिबानं सांगितलं, “टेम्पो दिसभर माझ्या दारात व्हता.” पाटलाचा शब्द म्हणून हवालदारानं तो निमूट लिहून घेतला.

ढाब्याच्या कॅमेऱ्यात टेम्पो सापडला. सोमनाथनं गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली, पुन्हा टेम्पोवर बसला. कोंडिबाच्या तारखा मात्र संपेनात. खोट्या जबाबाचा खटला भोरला चार वर्षं चालला, शिक्षा झाली, पाटीलकी गेली; आता अपिलाची दोन.

“अवं, करा की सही,” भामाबाई नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. “लई दमलाय तुमी.”

“दमलोय म्हनूनच. आनिक एक खोटं उचलायचा जीव न्हाई ऱ्हायला. त्या हवालदारानं इस्वास ठेवला, त्याच्या पोटावर कशाला पाय देऊ?”

वकीलबाईंनी कागद घडी घालून पिशवीत टाकला.

न्यायाधीशांनी गुन्हा कायम ठेवला. वय पाहून शिक्षा तेवढी कमी केली: कोर्ट उठेपर्यंत इथंच बसून राहायचं.

“तुरुंग टळला,” वकीलबाई म्हणाल्या.

“आन् पाटीलकी?”

“गुन्हा कायम राहिला, म्हणजे ती गेलीच.”

कोंडिबा मागच्या बाकावर बसला. जेवणाच्या सुट्टीत शिपाई म्हणाला, “मामा, बाहेर जाऊन भाकरी खा की. कोण बघतंय?”

“सायबांनी हितं बस म्हटलंय.”

दारातून भामाबाई खुणावत राहिली, तो हलला नाही. दुसऱ्यांचे खटले पुकारले गेले, संपले.

साडेपाचला न्यायाधीश उठले, तशी सगळी माणसं उभी राहिली. कोंडिबाचे गुडघे आखडले होते. बाकाला धरून तो उठेपर्यंत खुर्ची रिकामी झाली होती. त्यानं टोपी सारखी केली, त्या रिकाम्या खुर्चीला हात जोडले आणि हळूहळू दाराकडे चालू लागला.