गोड्या पाण्याला भिणारा

मी बोलतोय, तिरोड्याच्या एका खिडकीतून. मला शोधत बसू नका, मी पाण्यातला सूक्ष्म जीव, डोळ्यांना दिसत नाही. आम्ही लाखोंनी जमलो की पाणी गुलाबी होतं, तेवढीच आमची ओळख.

माझा जन्म राजस्थानच्या वाळवंटात, एका खाऱ्या डबक्यात झाला. तिथलं पाणी जिभेला लावाल तर थू थू कराल! फार पूर्वी तिथे मोठं तळं होतं म्हणे. ते आटत गेलं, मीठ वाढत गेलं. ज्यांना सोसलं नाही ते मेले. ज्यांना थोडं सोसलं, त्यांच्या पोराबाळांना जास्त सोसू लागलं. असं होता होता आम्ही असे झालो, की मिठाशिवाय आम्हाला जगताच येत नाही. साधं पाणी अंगात शिरलं की आम्ही फुगतो आणि फुटतो. पण त्या एवढ्याशा डबक्यात आमच्या जाती किती! गुलाबी, हिरव्या, नारिंगी. कुणी उन्हावर जगायचे, कुणी मेलेल्यांवर.

२०११ साली रंजिता आली. मुलगी तिरोड्याची, संशोधन नागपूरला. आम्ही कसकसे बदलत गेलो, हे तिला शोधायचं होतं. तिने आम्हाला काचेच्या बरणीत भरून आणलं आणि घरच्या खिडकीत उन्हाला ठेवलं. बरणी उजेडात धरून ती स्वतःशीच हसायची. फार जीव लावला हो पोरीने.

तिची आई कुसुमबाई चिडवायची, "काऊन वो बाई, या पान्यात मासोळ्या निंगतीन का?"

पुढे एका मे महिन्यात रंजिता नवीन पाणी आणायला पुन्हा वाळवंटात गेली. घरी राहिलो आम्ही आणि कुसुमबाई. रोज सकाळी माठातलं शिळं पाणी झाडांना घालायचं आणि ताजं भरायचं, ही त्यांची जुनी सवय. उन्हाने आमचं पाणी निम्म्यावर आलं होतं.

"पोरीचं पानी नासून राह्यलं," असं म्हणत त्यांनी आम्हाला वांग्याच्या झाडाला ओतलं. बरणीत माठाचं थंडगार पाणी भरलं. तेही किती मायेने! मी ओरडलो, पण माझं ओरडणं ऐकतो कोण? तळाला उरलेले माझे सगळे भाऊबंद फुटून गेले.

रंजिता परतली ती रिकाम्या हाताने. आमच्या डबक्यावर मुरूम टाकून रस्ता झाला होता. आता जे काही होतं, ते याच बरणीत. तिने बरणी पाहिली. पाणी विहिरीसारखं नितळ होतं.

"आई, पानी कोनं बदललं?"

"मीच बदललं. शिळं झालं होतं ना. बरं केलं का नाही?"

रंजिताने आईच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं केलं, आई." आणि मागच्या अंगणात जाऊन हमसून हमसून रडली.

पण पोरी, मी आहे गं अजून! बरणीच्या गळ्याशी मिठाचा एक खडा चिकटलाय, त्याच्या आत मी जिवंत आहे. खारं पाणी मिळालं तर पुन्हा वाढेन, पुन्हा गुलाबी होईन. पण तू आता बरणीकडे बघतच नाहीस. आणि तू 'बरं केलं' म्हणालीस म्हणून तुझी आई रोज सकाळी माठासोबत आमचंही पाणी बदलते.

आतापर्यंत पाणी माझ्या खाली थांबायचं. काल त्याने खड्याला ओलं केलं. रंजिता, आईला वाईट वाटलं तरी चालेल, एकदा खरं सांगून टाक.

"रोज थोडंसंच भरते मी," कुसुमबाई लोटा घेऊन आल्या आहेत, "आज काठोकाठ भरते. पोरीले बरं वाटंल."