मागणं सोडून सगळं

चर्चचा म्हातारा गायक पोलिख्रोनिस पोथीच्या लाकडी स्टँडवर सांडलेलं मेण नखाने खरवडत होता. वेदीच्या पडद्याआडून पापा-अनेस्तिसने डोकं बाहेर काढलं. अंगात अर्धाच झगा, हातात दाढीचा कंगवा.

"ऐकलं ते खरं?"

"काय ऐकलंस त्यावर आहे."

"ख्रिसावगी म्हणाली, आज तू अर्धीच उपासना गाणार."

"अर्धी नाही. स्तुती सगळी गाईन. मागणं तेवढं म्हणणार नाही."

धर्मगुरू बाहेर आला. दोघांनी लहानपणी एकाच मास्तरांचा मार खाल्लेला. चारचौघांत तो 'पापा' असला, तरी एकट्यात दोघे अरे-तुरेवरच असत.

"अरे, मी एकेक विनंती म्हणणार आणि मागून 'प्रभू, दया कर' कोण म्हणणार? हे खांब?"

"तूच म्हण. पगार तुला मिळतो."

"आणि आजच सुचलं हे? संत पांतेलेइमोनच्या सणाला? वैद्यांचा संत तो. खालच्या गावांतून लोक आजाऱ्यांना धरून आणतील. आणि तिकडे यानिनाच्या इस्पितळात तुझ्या लेकीला..." तो थांबला.

"बोल की. सकाळीच आत नेणार आहेत. छाती उघडणार." पोलिख्रोनिसने नखातलं मेण बोटांत मळून त्याची गोळी केली. "म्हणूनच तर."

"म्हणूनच काय?"

"असिमिनाच्या वेळी मी मागितलं होतं. इथेच, या फरशीवर. गुडघे सोलून निघाले. त्याच संध्याकाळी नेलं त्याने तिला. द्यायचं नव्हतं तर नाही द्यायचं. माझी बायको, पण तिचा मालक तो, कबूल. मला उगाच गुडघ्यांवर कशाला बसवलं?"

"मग आलास तरी कशाला?"

"तो आहे म्हणून. डोंगर दिसला की माणूस टोपी काढतो. डोंगराकडे लोणी मागत नाही."

"आणि विश्वास?"

"विश्वास नसता तर रुसलो असतो कोणावर? तुझ्यावर?"

पापा हसला नाही. झग्याची दुसरी बाही चढवत म्हणाला, "तुझा रुसवा तुझ्यापाशी. पण लाम्ब्रिनीचं नाव मी घेणार. त्याला तुझी परवानगी लागत नाही."

"घे. तोंड तुझं आहे."

लाम्ब्रिनीनेच फोनवर बजावलं होतं, "बाबा, तुम्ही इथे येऊन काय करणार? व्हरांड्यात बसून नर्सांशी भांडाल. त्यापेक्षा तिथे गा." गा, म्हणाली होती. माग, म्हणाली नव्हती. पोलिख्रोनिसने तेवढं धरून ठेवलं होतं.

चर्च भरलं. तुळशीच्या जुड्या, घामेजलेले सदरे, मेणबत्त्यांचा धूर. पापा-अनेस्तिसने वेदीपुढे उभं राहून पहिली विनंती म्हटली, शांतीसाठी. उत्तर आलं नाही. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. या गावात मागून उत्तर द्यायची लोकांना सवयच नव्हती. साऱ्या गावाचं मागणं एकाच गळ्यातून वर जाई. बाकीच्यांनी छातीवर क्रूस काढला की झालं. शिवाय पोलिख्रोनिसला बेसूर खपत नसे, त्यामुळे साधं गुणगुणायचीही कोणाची छाती नव्हती.

पहिल्या रांगेतून ख्रिसावगी, भट्टीवाल्याची विधवा, पुढे वाकली.

"बार्बा, घसा बसला का?" म्हाताऱ्यांना गाव 'बार्बा'च म्हणे.

"घसा शाबूत आहे. तू मेणबत्ती सांभाळ, रुमाल पेटेल डोक्यावरचा."

पापाने स्वतःच विनंती म्हटली, स्वतःच पुटपुटत उत्तर दिलं, पुढची म्हटली. मग स्तुतीची वेळ आली आणि पोलिख्रोनिसने तोंड उघडलं. तो असा कधीच गायला नव्हता. दाराला धोंडे मारावेत तसा एकेक शब्द त्याने घुमटाकडे फेकला. तू पवित्र. तू समर्थ. तू अमर. दिव्यांच्या काचा थरथरल्या. मागच्या रांगेतले दोघे-तिघे एकमेकांकडे बघू लागले. स्तुती होती, पण ऐकणाऱ्याला वाटावं, कोणीतरी अंगणात उभं राहून घरमालकाला बाहेर बोलावतंय.

शुभवर्तमान वाचून झालं. आता आग्रहाच्या विनंत्या. प्रत्येकीमागे तीनदा 'दया कर' म्हणायचं असतं.

"तुझी दासी लाम्ब्रिनी, जी या घटकेला शस्त्राखाली आहे," पापा-अनेस्तिस म्हणाला, "तिच्यासाठी आम्ही विनवतो."

पोलिख्रोनिसने स्टँडच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. ओठ मिटलेले. बाहेर कुठेतरी गाढव ओरडलं. पापाने या वेळी स्वतः उत्तर दिलं नाही. तो पाठमोरा तसाच उभा राहिला.

"प्रभू, दया कर!"

ख्रिसावगी होती. कोंबड्यांना हाक मारावी तशी चिरकी, उंच. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी, मग एकदम पंधरा-वीसजणी. प्रत्येकीचा सूर वेगळा, कोणी पुढे, कोणी मागे. पुरुषांनीही खालमानेने ओठ हलवले.

पोलिख्रोनिसने डोळे घट्ट मिटले. बाईने फार वर धरलंय, दुसऱ्याच खेपेला फुटणार. झालंही तसंच. दुसऱ्या 'दया'वर ख्रिसावगीचा आवाज मधोमध चिरला आणि बाकीच्या बावरून गप्प झाल्या.

तेव्हा स्टँडकडून एक खर्ज सुरू झाला. त्यात शब्द नव्हते. तोंड मिटूनच तो नुसता सूर धरून उभा होता, विहिरीच्या तळाशी पाणी असावं तसा. बायका चाचपडत एकेक पायरी खाली उतरल्या आणि त्या सुरावर येऊन टेकल्या.

"प्रभू, दया कर."

तिसरी खेप स्वच्छ लागली. इतकी, की ख्रिसावगीने स्वतःच्याच गळ्याला हात लावून पाहिला. पापाने पुढच्या विनंतीसाठी श्वास घेतला.

"थांब," पोलिख्रोनिस म्हणाला. उपासनेच्या मधोमध, सगळ्यांदेखत. "सूर चुकला. पुन्हा."

"कुठे चुकला, बार्बा?" ख्रिसावगी म्हणाली. "आत्ता तर..."

"मला विचारतेस? चुकला म्हणतोय ना. पुन्हा म्हणा."

पापा-अनेस्तिसने अर्धवट मान वळवली. त्याला सुरातलं पुरेसं कळत होतं. मग तो वेदीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याने पुन्हा लाम्ब्रिनीचं नाव घेतलं.