साडेतीन मीटर आत

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, क्लबचे सध्याचे फुटबॉलचे मैदान मुळातच अरुंद आहे. मोजणीनुसार त्याची रुंदी अठ्ठावन्न मीटर भरते. वरच्या गटात खेळण्यासाठी किमान चौसष्ट मीटर रुंदी आवश्यक असल्याने, व विद्यमान जागेत वाढीस वाव नसल्याने, हे मैदान देऊन महामार्गापलीकडील नवे मैदान स्वीकारण्याचा ठराव येत्या रविवारच्या सभेत मांडण्यात येईल. अध्यक्ष."

मित्रांनो, ही नोटीस क्लबच्या फळ्यावर अकरा दिवस लागली होती. मी तिचा एकेक शब्द तपासला आहे. रुंदी अठ्ठावन्न मीटर भरते, हे खरे आहे. चौसष्ट मीटर लागतात, हेही खरे आहे. दोन खऱ्या आकड्यांच्या शेजारी एखादा खोटा शब्द नीट इस्त्री करून बसवला, की त्याच्याकडे ओळखपत्र मागण्याचे धैर्य कुणाला होत नाही. येथे तो शब्द 'मुळातच' हा आहे. मुळात काय होते ते मला ठाऊक आहे. मुळातली रेघ मी मारली, आणि तिच्या आतली खोटी रेघही मीच मारली.

मी एक जुनी फक्कीची गाडी आहे. मैदानावर पांढऱ्या रेघा मारण्यासाठी जी चुन्याची भुकटी वापरतात तिला फक्की म्हणतात, आणि ती पोटात घेऊन दोरीच्या कडेने चालणे हा माझा जन्माचा धंदा. मला कोणत्याही कारखान्याने बनवले नाही. क्लबच्या फाटकासमोर एक सायकल दुरुस्त करणारा बसत असे. त्याने तेलाचा डबा कापून माझे पोट केले, भंगारातल्या हातगाडीची दोन चाके लावली आणि खाली एक दातेरी दांडा बसवला. चाक फिरले की दांडा फिरे, दांडा फिरला की फक्की सांडे. मला माळ्याच्या ताब्यात देताना तो म्हणाला, "ही स्वतःहून वाकडी जायची नाही. वाकडी गेलीच तर ढकलणाऱ्याला विचारा." या एका वाक्यात माझे सारे शास्त्र आले. माझ्यावरील आरोपाचे उत्तरही त्यातच आहे, हे मला फार उशिरा कळले.

माळी तेव्हा तिशीत होते. पुढे सारा क्लब त्यांना माळीकाका म्हणू लागला. कमी बोलणारा, दिलेला शब्द पाळणारा माणूस. त्यांची धाकटी बहीण खेळाडूंचे कपडे धुई, आणि भावाने न बोललेले सगळे तीच बोलून टाकी. खेळाडू तिला ताई म्हणत आणि तिला घाबरत. मैदान पासष्ट मीटर रुंद होते. चारही कोपऱ्यांत जमिनीत लोखंडी नळ्या पुरलेल्या होत्या; त्यांत निशाणाच्या काठ्या बसत. पासष्टचा आकडा क्लबच्या पहिल्या इतिवृत्तात लिहिलेला आहे. ती वही कोठीच्या कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली अध्यक्षांकडे आहे. ज्ञानाचे रक्षण याला म्हणतात.

या क्लबची एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी रेघा नव्याने आखायच्या, आणि दोरीचे टोक कर्णधाराने धरायचे. तो कोपऱ्यात उभा राही, त्याच्या बुटाशी माळीकाका खुंटी ठोकत, मग तो दुसऱ्या कोपऱ्याकडे जाई. दोरी ताणली की माझी फेरी सुरू होई. हा कर्णधाराचा मान होता. मान एकदा दिला की त्याच्यावर मोजपट्टी लावणे असभ्य ठरते. कर्णधार उभा राहील तिथे रेघ, असे सगळे कौतुकाने म्हणत.

आता जे अध्यक्ष आहेत ते तेव्हा कर्णधार झाले. लोक त्यांना 'तोफ' म्हणत. चेंडू बाजूच्या रेघेबाहेर गेला की ते दोन्ही हातांनी तो डोक्यावरून असा फेकत, की थेट गोलच्या तोंडाशी पडे आणि कुणीतरी डोके लावून आत ढकले. त्यांचा तसा एक फोटो क्लबच्या खोलीत आजही टांगलेला आहे. पाठ धनुष्यासारखी वाकलेली आणि बुटांखाली माझी रेघ. मला त्या रेघेचा फार अभिमान होता.

कर्णधार म्हणून पहिल्या हंगामात त्यांनी दोरी नळीपाशीच धरली. त्या वर्षी त्यांचे थ्रो गोलच्या थोडे अलीकडे पडले. लोक हळहळले, तोफ अजून तापायची आहे म्हणाले. दुसऱ्या हंगामात ते कोपऱ्यात उभे राहिले तेव्हा माळीकाका खुंटी घेऊन वाकले आणि तसेच थांबले.

"नळी मागे राहिली."

"राहू दे."

"अर्धा मीटर आत आलात तुम्ही."

"मला दिसतंय ते. समोरच्या बाजूलाही तेवढंच घेऊ, म्हणजे गोल मधोमध राहील." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "हे आपल्या दोघांत राहील, असा शब्द दे."

माळीकाकांनी शब्द दिला आणि खुंटी ठोकली. त्या वर्षी तोफ तापली. चेंडू गोलच्या तोंडाशी पडू लागला, वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. पुढच्या हंगामात आणखी अर्धा मीटर. मित्रांनो, वय वाढते तसा माणसाचा हात थकतो, यात काही लाजिरवाणे नाही. पण या गृहस्थांचा हात थकत गेला तसे मैदान आक्रसत गेले, आणि फेकीचे अंतर लोकांच्या नजरेत होते तेवढेच राहिले. अशी सात वर्षे गेली. दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मीटर. पासष्टातून सात वजा करायला इतिहासकार लागत नाही.

नळ्यांवर गवत चढले. निशाणाच्या काठ्या नुसत्या मातीत रोवल्या जाऊ लागल्या. सुटलेल्या पट्टीवर एका बाजूला राखीव खेळाडूंचे बाक आले, दुसऱ्या बाजूला मान्यवरांच्या खुर्च्या आल्या. पुढचे कर्णधार मुकाट्याने आदल्या वर्षीच्या काठीपाशीच उभे राहिले. चूक अशी मानाने हातोहात पुढे गेली. मी मात्र प्रत्येक वर्षी सरळच चालले. वाकडे काही मारल्याचा एकही पुरावा माझ्याविरुद्ध मिळणार नाही, हीच माझी शरम आहे.

पुढे रंगाचा फवारा मारणारे यंत्र आले आणि मला कोठीत ठेवले. माझ्या पोटात तुटके बूट, हवा गेलेले चेंडू आणि एकदा एका मांजरीची पिल्लेही राहिली. माझी चाके गंजली. कोठीची भिंत फळ्यांची आहे. पलीकडच्या खोलीत जे बोलतात ते सारे मला ऐकू येते, फटींतून थोडे दिसतेही, आणि दार उघडे असले की मैदानही दिसते.

गेल्या हंगामात आपला संघ पहिला आला. वरच्या गटाचे दार प्रथमच उघडले. खेळाडू आनंदाने वेडे झाले, आणि ते रास्तच होते. मग वरच्या गटाचा मोजणीदार फीत घेऊन आला.

"रेघा सुरेख आहेत हो," तो म्हणाला. "नाहीतर मी नागमोडी रस्ते मोजत हिंडतो. फीत कुठून कुठे लावू?"

माळीकाकांनी अध्यक्षांकडे पाहिले. त्या नजरेत तीस वर्षांची वाट पाहणे होते.

"पांढऱ्यापासून पांढऱ्यापर्यंत," अध्यक्ष म्हणाले. "आणखी कुठून लावणार?"

अठ्ठावन्न भरले. आठवड्याभरात एक बांधकाम कंपनी धावून आली. महामार्गापलीकडे तयार मैदान, प्लास्टिकचे गवत, रंगवलेल्या कायमच्या रेघा. त्या बदल्यात ही गावामधली जागा. नव्या फाटकाला 'तोफ' असे नाव देण्याचेही ठरले. तिथे माळ्याची गरज नव्हती. माझी तर नव्हतीच. पायी येणारे खेळाडू दोन बस बदलून येतील, असे अध्यक्षांनी खोलीत समजावून सांगितले, आणि त्याने त्यांचा दम वाढेल असेही सांगितले.

शनिवारी दुपारी ताई कोठीत ओले कपडे पिळत होती. माळीकाका माझ्या चाकाला तेल घालत होते.

"दादा, तू तोंड उघडणार आहेस की नाही?"

"शब्द दिलाय."

"कुणाला? तीस वर्षांनीसुद्धा तुला 'ए माळी' म्हणतो, त्याला?"

"शब्द देताना समोरचा कसा आहे ते बघितलं नव्हतं. आता बघून काय उपयोग?"

"मग त्या शब्दाची उशी कर आणि जाऊन झोप प्लास्टिकच्या गवतावर." तिने एक सदरा असा झटकला की माझ्या डब्यावर पाणी उडाले. "सगळ्यांना वाटतंय मैदानच खुजं निघालं. तुझं मैदान, दादा."

 त्यांनी चाक एकदा फिरवून पाहिले. "बोलणार नाही म्हटलंय मी. दोरी धरायला लावणार नाही, असं कुठे म्हटलंय?"

"आता कसं," ताई म्हणाली. "फक्की आहे का शिल्लक?"

रविवारी सकाळी सभा भरली. नोटीस वाचून झाली. 'मुळातच' या शब्दावर अध्यक्षांचा आवाज किंचितही हलला नाही; ही गोष्ट मी नोंदवून ठेवली आहे. हात वर करण्याआधी माळीकाका उभे राहिले. सभेत ते कधी उभे राहिले नव्हते, त्यामुळे ते पाणी द्यायला आले असे वाटून दोघांनी पेले पुढे केले.

"मैदान सोडायचंच असेल तर शेवटची आखणी रीतीप्रमाणे करू," ते म्हणाले. "दोरी अध्यक्षांनी धरावी. या क्लबात त्यांच्याएवढा मोठा कर्णधार झाला नाही."

टाळ्या पडल्या. मानाला नकार कसा देणार? सगळे बाहेर आले. माझ्या पोटातले बूट काढून फक्की भरली होती. कित्येक वर्षांनी माझी चाके गवताला लागली.

अध्यक्ष दोरी घेऊन निशाणाच्या काठीपाशी उभे राहिले. माळीकाका खुंटी घेऊन वाकले नाहीत. त्यांच्या हातात एक लांब सळई होती.

"पहिल्या वर्षी उभे होतात तिथे उभे राहा."

"इथेच होतो."

 माळीकाका साडेतीन मीटर मागे गेले, मान्यवरांच्या खुर्च्यांपैकी एक बाजूला केली आणि सळई गवतात खुपसली. लोखंडावर लोखंड वाजले.

"दादा, पुन्हा वाजव," ताई म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

त्यांनी पुन्हा वाजवले. मग खुरप्याने गवत सोलले. मातीने तोंडापर्यंत भरलेली नळी वर दिसू लागली. सध्याचा कर्णधार, बावीस वर्षांचा उमदा गडी, गुडघ्यावर बसून तिच्यात बोट घालून पाहत राहिला.

"ही इथे कशी?" त्याने विचारले.

"ही इथेच आहे," माळीकाका म्हणाले. "बाकीचं मी सांगायचं नाही."

 अध्यक्षांकडे पाहण्याऐवजी लोक दोरीकडे पाहत होते.  मी अध्यक्षांना आयुष्यभर जवळून पाहिले आहे. एवढे म्हातारे ते कधीच दिसले नव्हते. त्यांनी मागे पाहिले, एक पाऊल टाकले, थांबले, मग आणखी चार टाकली आणि नळीपाशी येऊन उभे राहिले. माळीकाकांनी त्यांच्या बुटाशी खुंटी ठोकली. उरलेल्या तीन नळ्याही अध्यक्षांनीच, न विचारता, दाखवल्या. कुठे सळई घालायची हे त्यांना नेमके ठाऊक होते, आणि इतक्या नेमक्या आठवणीला विस्मरण म्हणण्याची सोय कुठल्याच कोशात नाही. मी खुर्च्यांच्या आणि बाकांच्या जागेतून चालले. फीत लावली तेव्हा पासष्ट मीटर भरले.

ठराव मतास टाकला गेला नाही. पण मित्रांनो, एवढ्यावर आनंद मानू नका. अठ्ठावन्नचा अहवाल वरच्या गटाकडे पोचला होता. फेरमोजणी पुढच्या हंगामाआधी होणार नाही, असे उत्तर आले. संघाला आणखी एक वर्ष खालीच खेळावे लागेल. दोन चांगले खेळाडू दुसरीकडे गेले. त्यांना दोष देववत नाही. माळीकाकांची क्षमा कुणी मागितलेली नाही. बांधकाम कंपनीने प्रस्ताव कायम ठेवला आहे, कारण कंपन्यांना शरम वाटत नाही आणि घाईही नसते. फोटो अजून भिंतीवर आहे. त्यातली रेघ माझी आहे. ती पाहिली की मला माझ्या सरळपणाची किळस येते.

तुम्ही लहान आहात. तुम्हाला पुष्कळ लोक सांगतील की अमुक जागा अपुरी आहे, तमुक माणूस कमी पडतो, हे मुळातच असे आहे. सांगणाऱ्याचा मान जरूर राखा. पण एक सळई घेऊन थोडे मागे जा आणि गवतात खुपसून पाहा. आणि आमच्यासारख्या ज्या वस्तू सांगाल तसे चालतात, त्यांची निगा राखा. त्याहून अधिक, आम्हांला कुठे चालवता याची निगा राखा. आम्हांला नकार देता येत नाही.

त्या सकाळी, चौथी खुंटी ठोकून झाल्यावर, चिटणिसाने अध्यक्षांना विचारले, "हे इतिवृत्तात लिहू का?" अध्यक्ष म्हणाले, "लिही." त्यांनी सांगितले ते चिटणिसाने माझ्या डब्यावर वही ठेवून लिहून घेतले. त्यातला एकही शब्द मी बदललेला नाही:

"रेघ मी आत घ्यायला लावली. एकदा नाही, सात वर्षं. माझा थ्रो गोलपर्यंत पोचत नव्हता, आणि ते कुणाला कळू नये असं मला वाटत होतं. माळ्याचा यात दोष नाही, त्याला मी शब्दात बांधलं होतं. नोटीस लिहिताना मला हे सगळं आठवत होतं."